लाइट गेल्यावर मागितलेला पाण्याचा ग्लास

जून महिन्यातला दुसरा मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. चोरीस गेलेला माल: इंजेक्शनच्या सहा कुप्या, प्रत्येकी अठ्ठेचाळीस हजार, एकूण किंमत दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये. ठाण्यात हजर: रुग्ण मुलीचे वडील, नर्सिंग होमचे डॉक्टर, आमचे हेड मुहर्रिर, म्हणजे ठाण्याचे मुख्य कारकून, आणि मी.

नोकरीत असताना शेकडो तक्रारी लिहून घेतल्या. त्यांतल्या बहुतेकांचे आकडे आता आठवत नाहीत. या एका प्रकरणाचे मात्र वेळेसकट तोंडपाठ आहेत, कारण त्या दिवशी मी माणसांच्या शरीराचे आकडे मोजत बसलो होतो.

माझे वडील बँकेच्या नोकरीनिमित्त लखनौला आले आणि इथेच राहिले. मी इथेच शिकलो आणि उत्तर प्रदेश पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून भरती झालो. घरात मराठी, दारात हिंदी. त्या वर्षी मी लखनौच्या चिनहट भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावे कोणाचीच देणार नाही. ज्याला शिक्षा झाली त्याने ती भोगली आहे, आणि जो सुटला त्याला पुन्हा चर्चेत यायचे नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली हकीकत अशी. मलिहाबादच्या एका आंबा बागायतदाराच्या मुलीवर त्यांच्याकडे उपचार चालू होते. वय तेवीस, रक्ताचा आजार. औषध मुंबईहून मागवावे लागे आणि ते दोन ते आठ अंश तापमानातच टिकत असे. गोठले तरी वाया, तापले तरी वाया. आदल्या संध्याकाळी साडेसहाला सहा कुप्यांचा खोका आला, स्टोअरकीपरने सही करून तो स्टोअरच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि कुलूप लावले. सकाळी साडेआठला खोका जागेवर होता, आत फक्त बर्फाच्या पिशव्या.

"आज संध्याकाळी सहापर्यंत दोन कुप्या द्यायच्याच आहेत," डॉक्टर म्हणाले. "आधीच्या डोसचा परिणाम आजपर्यंतच टिकतो. नवीन माल यायला चार दिवस लागतील. ते चार दिवस मला परवडणारे नाहीत. म्हणजे तिला परवडणारे नाहीत."

मुलीचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. चहा समोर ठेवला होता. त्यांनी कप दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

"निगला नहीं जा रहा, साहब," ते अपराध्यासारखे म्हणाले. "आप बुरा मत मानिएगा."

त्यांची तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, नोंदवून घेतली. हातात आठ तास पन्नास मिनिटे होती.

नऊ चाळीसला ठाण्याच्या जुन्या लँडलाइनवर फोन वाजला. त्या फोनवर समोरच्याचा नंबर दिसत नसे. हेड मुहर्रिर, ज्यांना आमच्याकडे सगळे दीवानजी म्हणतात, त्यांनी तो घेतला आणि खबऱ्याचा निरोप घेऊन हसतच माझ्या खोलीत आले.

"मुखबिर का फ़ोन था, साहब. बोला, नर्सिंग होम के स्टोअरकीपर को बुलाइए, बस उसके हाथ देख लीजिए. कुछ पूछने की ज़रूरत ही नहीं पड़ेगी."

सव्वादहाला दोघांना बोलावले. एक स्टोअरकीपर, ज्याच्याकडे किल्ली होती. दुसरा सुपरवायझर, जो रात्री साडेनऊपर्यंत इमारतीत होता. रात्रीचा चौकीदार फाटकावरच्या कॅमेऱ्यात सबंध रात्र जागेवर दिसत होता, म्हणून तो बाजूला. स्टोअरच्या गल्लीतला कॅमेरा आठ दिवसांपासून बंद होता. कुलूप तोडलेले नव्हते. दुसरी किल्ली मेट्रनच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात होती आणि मोहोर शाबूत होती.

स्टोअरकीपर दारातून आत आला आणि दीवानजींनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिले. फोनवाल्याने खरेच सांगितले होते. माणसाचे दोन्ही हात थरथरत होते. कपाळावरून घाम वाहून भुवयांत साचला होता. ओठ पांढरे पडलेले. नाव विचारले. आडनाव ऐकले आणि मी चमकलो.

"मराठी का तुम्ही?"

"हो साहेब. वर्ध्याचा. सतरा वर्षं झाली इकडे." मग हात मांड्यांखाली दाबत म्हणाला, "हे माझ्या हातात नाही हो. लहानपणापासून असंच आहे. औषध निरीक्षक आले तेव्हाही मी असाच होतो."

आता माझी पंचाईत झाली. आपला माणूस म्हणून सोडला असे कोणीही म्हणू शकले असते, आणि कोणीतरी तोवर म्हणालेही होते. सीओ साहेबांचा, म्हणजे आमच्या क्षेत्राधिकाऱ्यांचा फोन आला.

"सुना है मुलज़िम आपके महाराष्ट्र का है?"

"मुलज़िम अभी कोई नहीं है, सर."

"दो बजे तक हो जाना चाहिए. चाबी जिसके पास, चोर वही. इसमें सोचना क्या है?"

दीवानजींचेही तेच मत होते. त्यांची तीस वर्षांची नोकरी, आणि ठाण्यात त्यांची ख्याती अशी की संशयितांना बाकावर बसवून अर्धा तास नुसते पाहायचे आणि चोर सांगायचा. "जो पसीना छोड़े, जो पेशाब माँगे, जो पानी माँगे," अशी त्यांची तीन लक्षणे होती. स्टोअरकीपर पहिल्या अर्ध्या तासात चार ग्लास पाणी प्यायला आणि तीनदा लघवीला जाऊन आला.

"तीनों में पास," दीवानजी म्हणाले. "डिस्टिंक्शन में."

मला त्या लक्षणांवर विश्वास नव्हता. त्याचे कारण वैयक्तिक आहे. सव्विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा साक्षीला उभा राहिलो. जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगत होतो. पण पिंजऱ्यात पाय ठेवताच माझ्या घशाला कोरड पडली, डावी पापणी फडफडू लागली आणि हातातला कागद वाजू लागला. बचाव पक्षाच्या वकिलाने कोर्टाला माझे हात दाखवले. "हुज़ूर, काग़ज़ की आवाज़ सुनिए. सच बोलने वाले का काग़ज़ बोलता नहीं." सगळे कोर्ट हसले. मी खरे बोलत होतो. पुढेही प्रत्येक साक्षीच्या आदल्या दिवशी माझे पोट बिघडत राहिले. आमच्या घरी कॅलेंडर पाहावे लागत नसे. मी सकाळी ताक-भात मागितला की सौ. म्हणायची, "उद्या कोर्ट दिसतंय."

तेव्हा हात थरथरतात म्हणून माणूस चोर, हे मी मानू शकत नव्हतो. पण नुसते न मानून कुप्या सापडणार नव्हत्या. मला मोजण्यासारखे काहीतरी हवे होते.

टेबलाच्या खणात कोरोनाच्या काळात मिळालेला ऑक्सिमीटर पडून होता. बोटाला चिमट्यासारखा लावला की नाडीचे ठोके दाखवतो. मी तो काढला, वहीत पाच रकाने आखले: वेळ, प्रश्न, ठोके, पाणी, इतर. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. दोघांनाही स्पष्ट सांगितले की हे कोर्टात चालत नाही, सक्ती नाही, नको असेल तर लावणार नाही.

"लगाइए न," सुपरवायझर हसून बोट पुढे करत म्हणाला. "मुफ़्त में जाँच हो जाएगी. बीवी कब से कह रही है बीपी दिखाओ."

हा माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे मोकळे. ठाण्यात बसल्याचे त्याला काही वाटत नव्हते. उलट त्यानेच मला स्टोअरकीपरबद्दल कळवळ्याने सांगितले. "आदमी बुरा नहीं है, साहब. घर में तंगी होगी. इंसान से ग़लती हो जाती है."

दीवानजी दारातून माझी वही पाहत होते. मी पाण्याच्या रकान्यात ग्लास लिहितो हे त्यांच्या लक्षात आले.

"साहब, आपको तो पानी के महकमे में होना चाहिए था. यहाँ कहाँ फँस गए."

साडेबारापर्यंत वहीत असे चित्र जमले. स्टोअरकीपर: नाव विचारले, १२४. गाव विचारले, १२२. मुलांची शाळा विचारली, १२५. किल्ली कुठे होती विचारले, १२४. कुप्या कुठे आहेत विचारले, १२३. पाणी नऊ ग्लास.

सुपरवायझर: नाव, ७८. नोकरी किती वर्षे, ७६. रात्री किती वाजता निघालात, ८०. कुप्या कुठे, ७९. पाणी शून्य.

"अब तो मशीन भी बोल दी," दीवानजी म्हणाले.

मी ते आकडे वरखाली पाहत होतो. मशीन बोलली होती, पण दीवानजींना ऐकू आले ते नाही. स्टोअरकीपरचे ठोके वर्ध्याचे नाव काढले तरी तितकेच आणि कुप्यांचे नाव काढले तरी तितकेच. तो प्रश्नांना घाबरतच नव्हता. तो खाकीला घाबरत होता, आणि खाकी सगळ्या प्रश्नांत सारखीच हजर होती. त्याच्या भीतीत चढउतार नव्हता. त्यामुळे त्याच्या आकड्यांतून काहीच कळत नव्हते, ना चोरी, ना सचोटी. सुपरवायझरच्या आकड्यांतूनही काही कळत नव्हते, कारण प्रश्नांची तयारी करून आलेला माणूसही असाच बसला असता. हे दोन तास फुकट गेले असे मला वाटले. व्हरांड्यात मुलीचे वडील खांबाला टेकून उभे होते. मी बाहेर आलो तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

बारा चाळीसला लाइट गेली.

जूनमध्ये लखनौत दुपारी लाइट जाणे ही बातमी नव्हे. पंखा गरगरत थांबला. त्या वेळी मी सुपरवायझरच्या समोर होतो आणि क्लिप त्याच्या बोटालाच होती. मी वही मिटून वारा घेऊ लागलो.

"सिर्फ़ थाने की गई है," त्याने विचारले, "या पूरे चिनहट की?"

मी वर पाहिले. दोन तासांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्याने वकील मागितला नव्हता, घरी कधी जाऊ हे विचारले नव्हते.

"पता नहीं. क्यों?"

"नहीं, ऐसे ही. गर्मी बहुत है." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "थोड़ा पानी मिलेगा?"

मी सुरईतून ग्लास भरून दिला. ऑक्सिमीटरवर नजर टाकली. ११२.

आपण मराठीत तोंडचे पाणी पळाले असे सहज म्हणतो. मी त्या दिवशी ते पळताना घड्याळ लावून पाहिले. माणूस दुसरा ग्लासही एका दमात प्यायला. मग दर मिनिटाला मनगटावरचे घड्याळ पाहू लागला.

मी क्लिप काढून घेतली आणि उठून दुसऱ्या खोलीत गेलो. स्टोअरकीपर त्या अंधाऱ्या खोलीत तसाच थरथरत बसला होता. बोटाला क्लिप लावली, ११९. किंचित कमीच. मला पाहून तो स्वतःहून बोलला, आणि सकाळपासून त्याचे हे पहिलेच सरळ वाक्य होते.

"साहेब, लाइट गेली तरी स्टोअरचा फ्रिज जनरेटरवर आहे. बाकीची औषधं शाबूत राहतील. फक्त डिझेल भरलंय का ते कोणाला तरी बघायला सांगा, ते काम माझं असतं."

मी व्हरांड्यात येऊन दोन मिनिटे उभा राहिलो. दोन्ही माणसांना लाइट गेल्यावर फ्रिज आठवला होता. एकाला आपला फ्रिज कुठे आहे आणि तो सुरक्षित आहे हे ठाऊक होते आणि ते तो मला सांगत होता. दुसऱ्याचा फ्रिज कुठेतरी चिनहटमध्ये होता, जनरेटरशिवाय, आणि तो मला त्याबद्दल काही सांगत नव्हता.

पण एका आकड्यावर मी कधी कोणाला धरलेले नाही. उकाड्याने एखाद्याचे ठोके वाढूही शकतात. एक पाचला लाइट आली. एक दहाला सुपरवायझरचे ठोके ८१ झाले आणि तो पुन्हा स्टोअरकीपरच्या संसाराची काळजी करू लागला. मी बाहेर जाऊन दीवानजींना कोपऱ्यात घेतले.

"दीवानजी, मेन स्विच गिराइए."

"जी?"

"थाने का मेन स्विच. नीचे कीजिए. और किसी से कहिएगा मत."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू उन्हाने साहेबांचे डोके फिरले होते. पण गेले. एक वीसला पंखा पुन्हा थांबला.

सुपरवायझर बोलता बोलता थांबला. हात आपोआप ग्लासकडे गेला. १०६. मग तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि खिडकीबाहेर पाहिले. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचा विजेवरचा चरक घरघरत होता आणि टेबलफॅन फिरत होता. त्याने ते पाहिले आणि एक लांब श्वास सोडून खाली बसला. खोलीत पंखा बंद, उकाडा तोच, समोरचा दरोगा, म्हणजे मी फौजदार, तोच. दोन मिनिटांत ठोके ८४.

म्हणजे त्याला उकाड्याचे काही नव्हते. त्याला आमच्या लाइटचेही काही नव्हते. त्याला त्या रस्त्यापलीकडच्या लाइटची काळजी होती.

दीवानजी दारात उभे राहून माझ्या वहीत डोकावत होते. ते हळूच म्हणाले, "साहब, यह तो मैंने तीस साल में नहीं देखा."

आता शरीराचे काम संपले आणि पोलिसांचे सुरू झाले. वीज उपकेंद्राला फोन लावला. बारा चाळीस ते एक पाच या वेळात गेलेली लाइट आमच्याच फीडरची होती: ठाणे, बाजार आणि मागच्या तीन गल्ल्या. सुपरवायझरचे घर दुसऱ्या भागात, तिथे लाइट गेलीच नव्हती. बीटच्या शिपायाला विचारले की या फीडरवर या माणसाचे कोणी आहे का.

"इनके साले की दुकान है न बाज़ार में, साहब. कोल्ड ड्रिंक की. काँच वाला बड़ा फ्रिज है."

दुसरा फोन डॉक्टरांना. स्टोअरचे कुलूप कोणी आणले होते? मार्चमध्ये, सुपरवायझरनेच. किल्ल्या किती जमा झाल्या? रजिस्टर पाहून त्यांनी सांगितले, दोन. मी एका शिपायाला हार्डवेअरच्या दुकानात पाठवले. बारा मिनिटांत तो त्याच बनावटीचे बंद खोके घेऊन आला. आत कुलूप एक, किल्ल्या तीन.

दोन पस्तीसला आम्ही दुकानात होतो. सोबत बाजारातले दोन साक्षीदार, चित्रीकरणासाठी एक शिपाई आणि नर्सिंग होमची एक नर्स, थंड पेटी आणि थर्मामीटर घेऊन. मेव्हण्याने आधी हसून बाटल्या पुढे केल्या. मग नर्सच्या हातातली पेटी पाहिली आणि त्याचे हसू विझले. फ्रिजच्या सर्वांत खालच्या फळीवर, नारंगी बाटल्यांच्या मागे, गमछ्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा होता. आत सहा कुप्या. बॅच नंबर बिलाशी जुळले, सहाच्या सहा.

नर्सने थर्मामीटर लावला. "सात डिग्री," ती म्हणाली. प्रत्येक कुपीच्या वेष्टनावर एक ठिपका असतो, औषध तापले की त्याचा रंग बदलतो. सहाही ठिपके जसेच्या तसे होते. चोर माहीतगार होता म्हणून औषध वाचले. बर्फाच्या कप्प्यात ठेवले असते तर संपलेच होते.

"जीजा बोले थे इंसुलिन है," मेव्हणा म्हणाला. "शाम को कोई लेने आएगा. मैंने तो बस जगह दी, साहब." गल्ल्याशेजारच्या खिळ्याला तिसरी किल्ली टांगलेली होती. तिथल्याच लँडलाइनवरून सकाळी ठाण्यात फोन झाला होता, हे नंतर कंपनीच्या नोंदीवरून सिद्ध झाले.

बरामदगीची फर्द, म्हणजे जप्तीचा पंचनामा, लिहिली, सह्या झाल्या. ठाण्यात परतून मी तो रिकामा स्टीलचा डबा सुपरवायझरसमोर ठेवला. त्याने तो लगेच ओळखला. क्लिपची गरज नव्हती.

"लाइट वाली बात से पकड़ा न आपने?" तो म्हणाला.

"हाँ. और फ़ोन से. उसके हाथ काँपते हैं, यह तुम पहले से जानते थे."

"सब जानते हैं, साहब. इसलिए तो उसको चुना था."

हे त्याने इतक्या सहज सांगितले की माझे पेन थांबले. एका माणसाच्या जन्मजात थरथरीवर त्याने आपली सगळी योजना उभी केली होती. पोलीस हात पाहतील आणि पुढे पाहणारच नाहीत, हा त्याचा हिशोब होता. आमच्या खात्याला तो चांगला ओळखत होता. दुपारी बारापर्यंत त्याचा हिशोब बरोबरही होता.

जप्त झालेला माल कोर्टाच्या आदेशाशिवाय कोणाला देता येत नाही, औषध असले तरी. कुप्या नर्सिंग होमच्या फ्रिजमध्ये शिपायाच्या पहाऱ्यात ठेवल्या आणि अर्ज घेऊन मी स्वतः कोर्टात गेलो. चार दहाला अर्ज दिला. पापणी फडफडू लागलीच. कागदही वाजला. न्यायाधीश महोदयांनी अर्ज वाचला, कुप्यांचे फोटो आणि डॉक्टरांचे हमीपत्र पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"मरीज़ के पास कितना वक़्त है?"

"छह बजे तक, हुज़ूर."

चार पस्तीसला सुपुर्दगीचा, म्हणजे माल ताब्यात देण्याचा, आदेश हातात होता. सीओ साहेबांना मी गाडीतून फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तो महाराष्ट्र वाला?" मी म्हणालो, "गवाह है, सर. हमारा सबसे अच्छा गवाह."

ठाण्यात उतरलो तेव्हा स्टोअरकीपर अजून त्याच खोलीत होता. दार उघडे होते, पण जा असे कोणी सांगितले नव्हते म्हणून तो बसून होता. मी त्याला मराठीत सांगितले की माल सापडला, सहाच्या सहा, सात अंशांवर. त्याला आधी कळलेच नाही. मग तो उठला आणि पुन्हा खाली बसला. दीवानजींनी स्वतःहून ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला आणि आकडा वाचला.

"साहब, एक सौ अड़तीस."

दिवसभरातला सर्वांत मोठा आकडा. भीतीनेही त्याला एकशे पंचवीसच्या वर नेले नव्हते.

दीवानजींनी क्लिप काढून टेबलावर ठेवली, सुरईतून ग्लास भरला आणि त्याच्यापुढे धरला. "लीजिए, भाई साहब. यह दसवाँ है. साहब लिख लेंगे." माफी मागण्याची ही त्यांची पद्धत होती. स्टोअरकीपर सकाळपासून पहिल्यांदा हसला आणि निम्मे पाणी शर्टावर सांडले.

पाच पंचवीसला वॉर्डाच्या दारात कुप्यांचा खोका मी त्याच्याच ताब्यात दिला. पावतीवर सही त्याचीच हवी होती, कारण रजिस्टरमध्ये माल त्याच्या नावावर होता. सही करताना हात नेहमीसारखाच थरथरला. अक्षर वाकडे आले. आजूबाजूला डॉक्टर, नर्स, दोन शिपाई होते. कोणी हात पाहिले नाहीत. पाच चाळीसला औषध सुरू झाले. वीस मिनिटे शिल्लक होती.

मुलीचे वडील काचेबाहेर उभे होते. थेंब पडायला लागला हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे गुडघे वाकले. मी आणि दीवानजींनी धरून बाकावर बसवले. मला वाटले चक्कर आली.

"कुछ नहीं, साहब," ते म्हणाले. "टाँगों में जान ही नहीं रही." आणि थोड्या वेळाने, "चाय मिलेगी?"

तो कप त्यांनी एका दमात संपवला.

ती मुलगी बरी झाली. पुढल्या जूनमध्ये ती स्वतः वडिलांबरोबर दशहरी आंब्यांची पेटी घेऊन ठाण्यात आली. पेटी आम्ही पैसे देऊन घेतली, याची पावती अजून आहे. सुपरवायझरला शिक्षा झाली. तो ऑक्सिमीटर आणि ती वही मी कोर्टात दाखवली नाही, दाखवण्याजोगी ती गोष्टच नव्हती. कोर्टापुढे तिसरी किल्ली, फोनची नोंद आणि सहा कुप्या होत्या. तेवढे पुरले.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते मी पुढे प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक उपनिरीक्षकाला सांगितले. घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, हातापायांना कापरे भरते, पायांतले बळ जाते. शरीर एवढेच सांगते की या माणसासाठी आत्ता काहीतरी मोठे घडते आहे. काय घडते आहे, हे ते सांगत नाही. भीती आणि आनंद यांचा आकडा एकच असू शकतो. म्हणून किती घाबरला हे पाहू नका, कधी घाबरला ते पाहा, आणि मग उठून ते कशामुळे हे शोधायला जा. बसून कळत नाही. दीवानजींनी त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाकावरची तीन लक्षणे कोणाला शिकवली नाहीत. कोणी पाणी मागितले तर ते फक्त विचारत, "किस बात पे माँगा?"

एक गोष्ट राहिली होती. महिनाअखेरीस मला कळले की नर्सिंग होमच्या हिशोबात स्टोअरकीपरचा तो मंगळवार गैरहजर म्हणून धरला गेला आणि पगार कापला गेला. त्याने कोणाकडे तक्रार केली नव्हती. तशी तक्रार करायला गेला असता तर आधी हात थरथरले असते. मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी पत्र पाठवले: सदर व्यक्ती दिवसभर पोलीस तपासास साहाय्य करीत होती, आणि त्या साहाय्यानेच माल मिळाला. जुलैच्या पगारासोबत त्या दिवसाचे सहाशे चाळीस रुपये देण्यात आले. घेणार, स्टोअरकीपर. सही मी पाहिली आहे. वाकडी आहे, पण त्याचीच आहे.